आक्काच्या गाडीचा फाळका

राग आला की माणसं ओरडतात, भांडी आपटतात, दोन दिवस अबोला धरतात आणि तिसऱ्या दिवशी हसून मोकळी होतात. आक्काला ही उधळपट्टी मान्य नव्हती. "राग लोणच्यागत असतोय," ती म्हणायची. "लगीच खाल्ला तर तुरट लागतोय. मुरू द्यायचा. मग जेवणाला चव येतीया." आणि खरोखरच तिच्या घरात दोन गोष्टी वर्षानुवर्षं टिकायच्या, एक लोणचं आणि दुसरी खुन्नस. दोन्हींना बुरशी लागलेली मी कधी पाहिली नाही.

आक्का नात्यानं माझी आत्या. पण तिचं माहेर, म्हणजे आमचं गाव, कानडी मुलखाला लागून. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. माझे वडील तिला आक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो, आणि लग्न होऊन ती कोल्हापुरात मंगळवार पेठेत आल्यावर सगळ्या पेठेची ती आक्का झाली. मी डिप्लोमाला तिच्याकडं राहायला आलो, पुढं कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली तरी तिथंच राहिलो. तिला मूलबाळ नव्हतं. मला दुसरीकडं जायची इच्छा नव्हती. तिच्या हातची भाकरी आणि तिच्या तोंडच्या शिव्या, दोन्ही अंगी लागल्या होत्या.

तिच्या सूड घेण्याच्या पद्धतीत आरडाओरडा नसायचा. गल्लीच्या तोंडाला एक पिठाची गिरणी होती. त्या गिरणीवाल्यानं एकदा तिच्या ज्वारीत दुसऱ्या कुणाची तरी किडकी ज्वारी मिसळून दळून दिली आणि वर म्हणाला, "आक्का, पिठात काय कळतंय?" आक्कानं पीठ घरी आणलं. दुसऱ्या दिवसापासून दळणाचा डबा डोक्यावर घेऊन लांबच्या गिरणीला जायला लागली. जायचा रस्ता मात्र तोच, त्याच्या दारावरून. रोज थांबून त्याला म्हणायची, "रामराम, बरं चाललंय न्हवं?" बिचाऱ्याला हिच्या डोक्यावरचा डबा बघत रामराम घालावा लागायचा. शेवटी त्यानं तिच्यासमोर कान पकडले. आक्का म्हणाली, "माझं काय न्हाय बाबा, मला आता तिकडची सवय झालीया."

पण हे सगळे किरकोळ राग. तिच्या आयुष्यातला खरा, मोठ्या बरणीतला राग होता तो तिच्या दिरावर. ती त्यांना भावजी म्हणायची, तिचं ऐकून आम्हीही सगळे भावजीच म्हणायचो. आक्काचे यजमान आणि भावजी या दोघा भावांचा मांडवाचा, लायटिंगचा आणि जनरेटरचा धंदा होता. चाकं लावलेला जनरेटर, ज्याला आम्ही गाडा म्हणतो, तो ट्रॅक्टरमागं जोडायचा आणि लग्नाच्या, जत्रेच्या ठिकाणी नेऊन उभा करायचा. यजमान गेले. वर्ष व्हायच्या आत भावजींनी वाटणी मागितली. चार वडीलधारी माणसं बसली. मांडवाचं सामान भावजींकडं गेलं, नवा जनरेटर भावजींकडं गेला, ट्रॅक्टरही भावजींकडं गेला. आक्काच्या वाट्याला आला जुना जनरेटर. ती म्हणाली, "गाडा दिलासा, पण तो न्यायचा कशानं? ट्रॅक्टर मला द्या, नवा जनरेटर तुम्ही घेतलाय की." त्यावर भावजी हसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वैनी, वढायला गडी लागतोय."

चारही जण हसले. मी दारात उभा होतो, मी ते हसू बघितलं आहे. आक्कानं सगळ्यांना चहा दिला, भावजींनाही दिला, आणि कपबशा विसळायला मोरीवर गेली. तेवढ्यावर वाटणी संपली. त्या दिवशी त्या बरणीवर फडकं बांधलं गेलं.

नंतरची दोन-तीन वर्षं तिनं भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढली. ट्रॅक्टरवाले सगळे भावजींच्या ओळखीचे. ऐन लग्नसराईत त्यांना नेमका वेळ नसायचा. एकदा पेठेतल्याच कार्यालयातलं लग्न होतं. ट्रॅक्टर सांगितला होता, तो आलाच नाही. तेव्हा आक्का, मी आणि गल्लीतले चौघं-पाचजण, आम्ही तो गाडा हातानं ढकलत नेला. भर दुपारी. भावजी कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर उभे होते. त्यांनी हात वर करून "सावकाश, वैनी" असं म्हटलं. आक्कानं मान वर केली नाही. गाडा कार्यालयात उभा केल्यावर तळहात बघत मला म्हणाली, "गाडी घ्यायची. आन् मीच चालवणार."

कोल्हापुरातल्या कितीतरी बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तशी तीही बोलायची. "मी शिकतो की. त्यात काय हाय?" पन्नाशी ओलांडलेली बाई नऊवारीचा काष्टा आवळून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसली तेव्हा गल्ली बघायला आली होती. सरळ चालवायला ती लवकर शिकली. अवघड होतं ते मागं गाडा जोडून रिव्हर्स घेणं. स्टिअरिंग एकीकडं वळवलं की गाडा दुसरीकडं जातो. एका गाववाल्याच्या गाडीमागं गाडा लावून मैदानात ती तासन् तास घाम गाळायची. "डावीकडं सांगितलं की उजवीकडं जातंय," ती म्हणायची, "अगदी आमच्या सासरागत." एकदा कळ सापडल्यावर मात्र ती मला शिकवायला लागली. मी भित्रा. मागं काही दिसत नाही म्हणून निम्म्यातच ब्रेक दाबायचो. ती मागं उभी राहून गाडीच्या फाळक्यावर थापा मारायची, "घे मागं! आनी जरा मागं घे! थांबतोस कशाला लेका?" फाळका म्हणजे गाडीच्या मागची खाली पडणारी फळी. तिच्या तळहाताचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग सुरू झाला इंजिनाचा शोध. लोक मुलगी बघायला जितकं फिरत नाहीत तितकी ती पिकअप बघायला फिरली. हायवेला धाब्यावर गाडी थांबलेली दिसली की ही उतरायची. "पावणं, ॲव्हरेज काय देतीया?" पावणे छाती फुगवून आकडा सांगायचे. परत येऊन ती म्हणायची, "गडी आपल्या गाडीचं ॲव्हरेज आन् आपल्या पोराचं मार्क कधी खरं सांगत न्हाय." पुढं पुढं तिनं प्रश्न बदलला. "लोड घेऊन घाटात कुठला गिअर पडतोय?" या प्रश्नाला माणूस आधी आकाशाकडं बघतो आणि मग खरं बोलतो, असा तिचा शोध होता.

शोरूममधला मुलगा गोड बोलणारा होता. त्यानं तिला मॅडम म्हटलं, थंड पाणी दिलं आणि गाडीतल्या पडद्यावर गाणी लावून दाखवली. आक्का म्हणाली, "बाळा, मागं जनरेटर असतोय. त्यो असा वरडतोय, गाणी कुणाला ऐकू येणार?" तो हसला, मग त्यानं कुठल्या इंजिनात किती हॉर्सपॉवर आहे हे सांगितलं. घरी आल्यावर तिनं परात पुढं ओढली. भाकरी थापताना मला म्हणाली, "त्यो हॉर्सपॉवर म्हणत हुता, आन् तू टॉर्क म्हणतोस. दोनी येकच न्हवं?"

मी तिला समजावलं. हॉर्सपॉवर म्हणजे किती जोरात पळेल, टॉर्क म्हणजे किती जोर लावून ओढेल. ओढायचं असेल तर इंजिन हळू फिरत असतानाच जोर मिळाला पाहिजे, नाहीतर चढावर सारखी रेस करावी लागते आणि डिझेल जळतं. ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "म्हंजे शर्यतीचं खोंड आन् नांगराचा बैल," ती म्हणाली. "आमाला बैल पायजे." सरळ सांगायचं तर डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं, आणि मीच सांगितलेली गोष्ट मला तेव्हा नीट कळली.

समोर तीन पर्याय होते. सीएनजीची पिकअप, खर्चाला सगळ्यात हलकी. माझं मत सीएनजीला होतं. दुसरी मधल्या इंजिनाची डिझेल, दिसायला साधी, पण इंजिन हळू फिरतानाही भरपूर ओढणारी. आणि तिसरी सगळ्यात मोठ्या इंजिनाची, रुंद तोंडाची, रुबाबदार. सीएनजी तिनं झटक्यात उडवली. "पंपावर रांगेत हुबारायचं, आन् घाटात धाप लागायची. मग हातानं गाडा ढकलणारी बाईमाणसं काय वाईट हुती?" राहिल्या दोन डिझेलच्या. त्यात अडचण अशी झाली की भावजींनी तेवढ्यात ट्रॅक्टर विकून ती सगळ्यात मोठी पिकअप घेतली. मंगळवार पेठेतून हॉर्न वाजवत फिरवली. पेढे आमच्याकडंही आले.

आक्का पेटली. आता तिला मोठंच इंजिन हवं होतं, जमलं तर भावजींच्याहूनही मोठं. कोल्हापुरी माणसाला ईर्षा चढली की त्याचं गणित बिघडतं, हे मला माहीत होतं. आक्काचंही बिघडेल असं मात्र वाटलं नव्हतं. मी सांगून थकलो: आपली गाडी निम्मा वेळ रिकामी फिरणार, मोठं इंजिन रिकामंही तेवढंच पिणार, आपल्या गाड्याच्या वजनाला मधलं इंजिन पुरून उरतं. ती ऐकेना. चार दिवस घरात आमटीला मीठ नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं कागलच्या एका पिकअपवाल्याला बायकोपोरांसकट जेवायला बोलावलं. त्याच्याकडं ते मधलं इंजिन होतं. जेवण झाल्यावर त्याच्या गाडीमागं आपला गाडा जोडायला लावला आणि पन्हाळ्याचा घाट चढवायला लावला. ती पुढं बसली, मी मागं हौद्यात. वाघबीळच्या पुढं चढ लागला तरी इंजिनचा आवाज चढला नाही, गुरगुरत राहिला. वर पोचल्यावर ती उतरली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "हे बोलत न्हाय. वढतंय." मी विचारलं, मग भावजींचं काय? ती हसली. चार दिवसांनी पहिल्यांदा. "खुन्नस डिझेलवर चालवली तर पंपवालाच मोठा व्हतोय. खुन्नस मी माज्या अंगावर चालवतो."

नवी गाडी आम्ही पूजेला नृसिंहवाडीला नेली. पुजाऱ्यांनी हार घेतला आणि सवयीनं बॉनेटकडं निघाले. आक्का म्हणाली, "महाराज, फुडं नको. मागं हुकाला घाला. काम मागं हाय." त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि हार गाडा जोडायच्या मागच्या हुकात अडकवला. नारळही तिथंच फुटला. येताना ती पेंटरकडं थांबली. पेंटर म्हणाला, "आईचा आशीर्वाद लिवू का नाद खुळा?" तिनं त्याला फाळक्यावर, हुकाच्या बरोबर वर, एकच ओळ लिहायला सांगितली: 'वढायला गडी लागतोय'. पेंटर मोठा कुंचला घेऊन बसला तर म्हणाली, "बारकं लिव. लांबच्यासाठी न्हाय ते."

लोकांनी ती ओळ वाचली आणि पोट धरून हसले. गाडी चालवणारी बाई आणि मागं हे वाक्य, लोकांना ती गंमत वाटली. ते वाक्य मुळात कुणाचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. भावजी मात्र कधी तेवढे जवळ आलेच नाहीत. "बारकं इंजान घेतलंय वैनीनं," असं ते पानपट्टीवर सांगायचे. गाडा जोडला की ती ओळ झाकली जायची, गाडा सुटला की पुन्हा उघडी. वर्षामागून वर्षं ती ओळ तिच्या वाचकाची वाट बघत राहिली. आक्काही. या काळात तिनं डिझेल असं जपलं की सिग्नलला इंजिन बंद, उगाच रेस केली तर माझ्या मांडीवर चिमटा, आणि पंपावर टाकी भरताना शेवटचा थेंब पडेपर्यंत नळीकडं नजर.

मग पन्हाळ्यावर एक मोठं लग्न निघालं. मांडववाल्यानं आमचाही जनरेटर सांगितला आणि भावजींचाही. एक स्वयंपाकाकडं, एक रोषणाईला. दुपारी आम्ही घाट चढत होतो. आक्का गाडी चालवत होती, दुसऱ्या गिअरात, निवांत. मागून भावजी आले. स्वतः चालवत होते. मागं त्यांचा गाडा, हौद्यात लोखंडी कमानी खच्चून भरलेल्या. शहाणा माणूस आमच्या मागं मागं आला असता आणि दहा मिनिटांत वर पोचला असता. पण पुढं वहिनीची गाडी, तीही बारक्या इंजिनाची! त्यांनी हॉर्न दिला, चढावरच बाहेर काढली, आणि क्लच निम्मा दाबून रेस करत आमच्या बाजूनं पुढं गेले. जाताना आक्काकडं बघून हसलेही. दोन वळणांनंतर आम्हाला आधी वास आला, मग धूर दिसला, मग भावजी दिसले. क्लच जळाला होता. इंजिन सुरू होतं, फिरतही होतं, गाडी मात्र जागची हलत नव्हती.

आक्का थांबली नाही. वर गेली, आमचा गाडा उभा केला आणि रिकामी गाडी घेऊन खाली आली. भावजींनी तोंड फिरवलं होतं. तिनं त्यांचा गाडा सोडवून आपल्या हुकाला लावला. "लगीन हाय. कुणाची तरी पोरगी हाय. उजेड पायजे," एवढंच बोलली आणि तो गाडा वर नेऊन ठेवला. मला वाटलं, संपलं. तिनं परत गाडी वळवली.

मी म्हटलं, "आक्का, डिझेल!" ती म्हणाली, "जळू दे की."

आता राहिली होती भावजींची गाडी. भावजी घाईनं म्हणाले, "वैनी, ऱ्हाऊ दे. गॅरेज खाली हाय की. उताराला आपसूक जाईल." आक्का दोर बांधत होती. "गॅरेज खाली असंल," ती म्हणाली, "लगीन वर हाय. बसा स्टिअरिंगला." दोर आखूड बांधला होता, मुद्दाम. भावजी बसले. समोर फाळका, आणि फाळक्यावर ती बारकी ओळ, हाताच्या अंतरावर.

आक्कानं पहिला गिअर टाकला. उरलेला सबंध घाट पहिल्याच गिअरात चढली. दुसरा पडला असता, मला माहीत आहे. मी मागं वळून बघत होतो. भावजींनी आधी ओळीकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग आरशात. पण आखूड दोरावर ओढल्या जाणाऱ्या माणसाला समोरच बघावं लागतं. प्रत्येक वळणावर ते वाचत होते. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. गाडा ढकलून सोललेले आक्काचे तळहात मी पाहिले होते.

वर मांडवाच्या दारात सगळे पाहुणे उभे होते, वाटणीच्या वेळी हसलेल्या चौघांपैकी दोघंही होते. आक्का उतरली, दोर सोडला, गुंडाळला. वर्षानुवर्षं ज्यांना भावजी म्हटलं त्यांना म्हणाली, "पावणं, पाणी घ्या." परक्या माणसाला विचारतात तसं. ते पाणी ते प्यायले.

पुढं काही वर्षांनी आक्का आजारी पडली. ती उठायची नाही हे आम्हाला कळलं होतं आणि तिलाही. भावजी भेटायला आले. खाटेशेजारी बसून रडले. म्हणाले, "वैनी, चुकलं माजं. माफ करा." आक्कानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "माफ केलं की," ती म्हणाली. त्यांनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "मग ते गाडीवरचं..." आक्कानं हात काढून घेतला. "माफ केलंय. ते पुसणार न्हाय." तिच्या तोंडचं मी ऐकलेलं ते शेवटचं धड वाक्य. ती गेल्यावर मी जितका रडलो तितका आईबापांसाठीही रडलो नसेन.

धंदा आता मी बघतो, नोकरी सोडली. दर वर्षी खंडेनवमीला गाडीची पूजा होते, हार हुकाला पडतो, आणि त्याआधी पेंटर ती ओळ नव्यानं रंगवून जातो. बारकीच.

गेल्या लग्नसराईत भावजींच्या मुलीचं लग्न झालं. घरच्या कार्याला जनरेटर बाहेरचा सांगायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. कार्यालयवाल्यानं मला सांगितला. आदल्या दिवशी भावजींचा निरोप आला: "ये, पण फाळक्यावर तेवढं फडकं टाक." मी बरं म्हटलं. फडकं घेतलंही. गाडा कार्यालयामागं लावला, गाडी सोडवली, आणि त्या फडक्यानं फाळका पुसून लख्ख केला. मग पुढच्या दारी आलो. भावजी फेटा बांधून पाहुण्यांना हात जोडत उभे होते. मी गाडी वळवली आणि रिव्हर्स टाकला. आरशात ते दिसत होते, एकटेच, बाकीच्यांची पाठ होती. सवयीनं माझा पाय निम्म्यातच ब्रेकवर गेला.

अक्षरं बारकी आहेत. तेवढ्या लांबून वाचता आली नसती. आणि मला फाळक्यावरची थाप स्पष्ट ऐकू आली, "आनी जरा मागं घे! थांबतोस कशाला लेका?"

मी आणखी मागं घेतली.